वेदनेवरची गोळी तालुक्यात मिळायला हवी

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरमागे उभं राहून रोज जे पाहतो आणि आईच्या आजारपणात घरात जे पाहिलं, त्यावरून हे पत्र लिहितो आहे. कर्करोग सगळीकडे पसरलेल्या माणसाला घरी असताना वेदनेवरचं औषध मिळत नाही, एवढाच विषय आहे. ते औषध म्हणजे अफूपासून बनणारं मॉर्फिन. ते महाग नाही, आणि आपल्याच देशात तयार होतं. पण गावाजवळ कुठे ते ठेवलेलंच नसतं, आणि ठेवलेलं असलं तर लिहून देणारं कोणी जागेवर नसतं.

आमच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयातला वेदनाशमन कक्ष काही महिन्यांपासून बंद आहे. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मॉर्फिनचा साठा संपला, नवी मागणी गेली नाही. पाटी मात्र अजून लावलेली आहे. त्या कक्षावर ज्यांची भिस्त होती त्यांची मुलं, सुना आता चिठ्ठी घेऊन माझ्या दुकानात येतात. मी चिठ्ठी वाचतो आणि परत देतो, कारण माझ्या परवान्यावर मला मॉर्फिन ठेवता येत नाही. गेल्या पंधरवड्यात एक मुलगा चिठ्ठी परत घेईना. "मामा, काहीतरी द्या, बाप रात्रभर ओरडतोय," एवढंच म्हणत राहिला. हे पत्र त्याच रात्री लिहायला घेतलं.

आईचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कोरडं राहील.

आईला स्तनाचा कर्करोग होता. ऑपरेशन झालं, किमो झाली, काही वर्षं बरी गेली. मग पाठ दुखू लागली. शेतातलं काम, वय, असं म्हणत आम्ही मलम चोळत राहिलो. तपासणीत कळलं की आजार मणक्यात आणि खुब्याच्या हाडात उतरला आहे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी फाइल बंद करत सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा." हे वाक्य महाराष्ट्रात किती घरांनी ऐकलं असेल! सेवा कशी करायची, दुखलं तर काय द्यायचं, कोणाला फोन करायचा, हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल, गरजेप्रमाणे, एवढंच होतं.

हाडातल्या कर्करोगाचं दुखणं ज्याने जवळून पाहिलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. कूस बदलायची म्हटली की आई दातांत पदर धरायची. तिला बेडपॅन देणं ही आम्हा सगळ्यांची परीक्षा असे. जेवण तुटलं, झोप तुटली. माणसांत बोलणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडू लागली. नात जवळ आली तरी "हात लावू नको ग" म्हणायची. दुकानात माझ्यामागे औषधांच्या शंभर खोक्यांची मांडणी, आणि घरी आईला देण्याजोगं त्यातलं एकही नाही. गावातले डॉक्टर भले माणूस आहेत, ते रात्री-अपरात्री येऊन डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे. दोन-तीन तास उतार पडायचा. ही इंजेक्शनं अशी रोज देत राहिलो तर मूत्रपिंडावर येणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ट्रामाडॉलला दिवसाला 400 मिलिग्रामची मर्यादा असते. ती आम्ही कधीच गाठली होती.

शेवटी ओळखीतून एका वेदनाशमन विभागाचा पत्ता मिळाला, लांबच्या शहरातला. तिथल्या डॉक्टरांनी आधी आईशी बोलून घेतलं. कुठे दुखतं, कसं दुखतं, रात्री काय होतं, कशाची भीती वाटते, हे त्यांनी खुर्ची ओढून विचारलं. मणक्यावर एकदाच लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यायची व्यवस्था केली. हाडातल्या दुखण्याला एका वेळची लाइट पुष्कळदा अनेक वेळांइतकाच आराम देते, हे मला तेव्हा कळलं. आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. सुरुवात अर्ध्या गोळीने, म्हणजे 5 मिलिग्रामने, आणि मग 10. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणे. मधेच कळ उठली तर एक जादा. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज, न चुकता, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि गुंगी राहील, घाबरू नका, असंही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

तसंच झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी आई उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "भाकरी कर ज्वारीची, पोळी नको." नंतर तिने भावाभावांतला शेताचा वाद मिटवला, नातीच्या लग्नाचं बोलणं स्वतः केलं. आजार होता तिथेच होता, पण बोलायला आई आम्हाला परत मिळाली होती.

मामांना ही गोष्ट पसंत नव्हती. "बहिणीला अफू चारता काय रे?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. त्यांचा राग मी समजू शकतो. खरी अडचण पुढे आली. गोळ्या संपत आल्या की त्या आणायला पुन्हा त्याच शहरात जावं लागे. जवळ कुठे मिळतात हे कोणाला विचारलं तर कोणाला माहीत नव्हतं. एकदा पावसाने रस्ता बंद झाला आणि गोळ्या संपल्या. मॉर्फिन एकदम तुटलं की काय होतं ते त्या रात्री आमच्या घराने पाहिलं. ते मी इथे लिहिणार नाही.

आई गेली. त्यात कोणाचा दोष नाही आणि मी कोणावर खटला भरायला निघालेलो नाही. पण मी औषधाच्या धंद्यातला माणूस असून मला हे जमवायला इतका आटापिटा पडला, तर ऊसतोडीला जाणाऱ्या घराने काय करायचं?

आता आपल्या दोन्ही खात्यांना उद्देशून.

पहिली गोष्ट कायद्याची. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिनभोवती इतक्या खात्यांचे परवाने उभे केले की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिनची गोळी एकदाही लिहून न देता निवृत्त झाल्या. ही चूक संसदेने 2014 मध्ये दुरुस्त केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरवली गेली. 2015 च्या नियमांनी अनेक परवान्यांच्या जागी एकच यंत्रणा आणली, ती म्हणजे राज्याचं औषध नियंत्रण. म्हणजे आपल्याकडे, आयुक्त महोदय, आपलं कार्यालय. प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला आपण मान्यता दिली की त्याला हे औषध ठेवता येतं. कायदा सोपा होऊन दहा वर्षं उलटली. पण तालुक्यातल्या रुग्णालयांत अजून जुन्या कायद्याची भीतीच नांदते आहे. मी स्वतः अधीक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे, "नको ते झंझट, एखादी गोळी कमी भरली तर दहा वर्षं आत." नोंदवहीतली चूक आणि तस्करी यांतला फरक आपल्या निरीक्षकांनी आणि पोलिसांनी त्यांना कधी नीट सांगितला का?

दुसरी गोष्ट धोरणाची. महाराष्ट्राने 2012 मध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण आणलं. केरळनंतर असं करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो, याचा मला अभिमान आहे. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच सुमाराचा. 2018 पासून उपकेंद्रांच्या पातळीवर ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या त्यांत वृद्धांची आणि परिहार सेवा आहे. कागदावर माझ्या गावच्या आरोग्य मंदिरातही, म्हणजे उपकेंद्रातही, ती आहे. प्रत्यक्षात तिथल्या सिस्टरताईंना मॉर्फिनची गोळी दाखवली तर त्या ती हातात धरायला कचरतील. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. आशाताई घरोघर जातात, कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलं आहे हे त्यांना नावानिशी ठाऊक असतं. पण ती माहिती कुठे पोचवायची, हे ठरलेलं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. हे औषध आपलंच आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर आणि नीमचच्या शेतांत सरकारच्या परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. जगाच्या वैद्यकाला आपण हा कच्चा माल पुरवत आलो आहोत. आणि 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेला हिशोब असा आहे की, गंभीर आजारात वेदनाशमनाची गरज असलेल्या भारतीय माणसाच्या वाट्याला त्या वेळी वर्षाला सरासरी 43 मिलिग्राम मॉर्फिनइतकं औषध येत होतं, गरजेच्या चार टक्के. माझ्या आईला दिवसाला 60 मिलिग्राम लागायचं. वर्षाचा वाटा तिला एक दिवससुद्धा पुरला नसता. त्याच अहवालात अमेरिकेचा आकडा 55,000 मिलिग्राम आहे. तिथे अतिवापराने माणसं मेली, हे मला ठाऊक आहे आणि तसं इथे व्हावं असं कोणीही म्हणणार नाही. पण तिथली आफत मुख्यतः कंपन्यांनी साध्या, जुनाट दुखण्यांसाठीही या गोळ्या बेसुमार खपवल्यामुळे ओढवली. मणक्यात कर्करोग उतरलेल्या बाईला घड्याळाप्रमाणे मोजून दिलेली गोळी हा वेगळा विषय आहे. अशा रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यसन लागणं दुर्मीळ असतं.

गैरवापराची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कोडीनच्या सिरपच्या रिकाम्या बाटल्या शाळेमागच्या पटांगणात सापडल्याचं मी पाहिलं आहे, झोपेच्या गोळ्यांसाठी खोट्या चिठ्ठ्या घेऊन आलेली पोरं मी परत पाठवली आहेत. म्हणून तर कुलूपबंद कपाट, नोंदवही, चिठ्ठीची प्रत, रिकाम्या पाकिटांचा हिशोब, हे सगळं असावंच. नियंत्रण हवं, पण पुरवठा थांबवून केलेलं नियंत्रण मला मान्य नाही. 2018 मध्ये ट्रामाडॉलही या कायद्याखाली आलं, तेव्हा आमच्या पेठेतल्या काही दुकानदारांनी कटकट नको म्हणून ते ठेवणंच बंद केलं. नशा करणाऱ्यांनी दुसरं काही शोधलं. त्रास झाला तो चिठ्ठी घेऊन येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना.

चौथी गोष्ट पैशांची, ती थोडक्यात. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन, किमो, लाइट होते, त्यामुळे कितीतरी घरं वाचली. पण रुग्ण घरी आला की योजनेचा हात सुटतो. मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त असते, फेंटानिलची त्वचेवर चिकटवायची बहात्तर तासांची पट्टी कित्येक पटींनी महाग. तरी अनेक ठिकाणी पट्टी मिळते आणि गोळी मिळत नाही, कारण स्वस्त गोळीत कोणाचा नफा नाही. जिथे नफा नाही तिथे सरकारनेच उभं राहायला हवं.

या राज्याला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं सेवागृह, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं. टाटा रुग्णालयात 1996 पासून हा विभाग आहे आणि या विषयातलं एमडीचं शिक्षणही तिथे मिळतं. पुण्यात वारज्याला 1997 पासून रुग्णांना विनामूल्य ठेवून घेणारं सिप्लाचं केंद्र आहे. ज्ञान इथलंच आहे, माणसंही इथलीच. पण हे सगळं मुंबई-पुण्याच्या बाजूला आहे आणि कर्करोग गडचिरोलीत, किनवटात, अक्कलकुव्यातही होतो. विदर्भात खर्रा आणि आमच्याकडे गायछाप मळून किती तोंडं सडली ते मोजायला मला काउंटर सोडावं लागत नाही. तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला तर गोळी गिळताही येत नाही, ती कुटून नळीतून द्यावी लागते. हे घरच्या माणसाला कोण शिकवणार? केरळात ग्रामपंचायतीच्या खर्चाने परिहार सेवेची नर्स घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, गोळ्या मोजते. कोझिकोडला 1993 मध्ये काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी ही सुरुवात केली आणि 2008 मध्ये तिथल्या सरकारने तिचं धोरण केलं. आपल्याकडेही ग्रामपंचायती आहेत, आशाताई आहेत, तरुण मंडळं आहेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. 'आमच्या' म्हणतो, कारण दुकानात येणाऱ्या कितीतरी जणांनी हे पत्र लिहायला सांगितलं.

एक. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला आणि प्रत्येक तालुक्यातल्या निदान एका सरकारी रुग्णालयाला अत्यावश्यक अंमली औषधं ठेवण्याची मान्यता ठरावीक मुदतीत द्या. मॉर्फिनच्या 10 मिलिग्रामच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा तिथे कायम असू द्या. साठा एका महिन्यावर आला की मागणी आपोआप गेली पाहिजे.

दोन. प्रत्येक केंद्रावर किमान दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका प्रशिक्षित असाव्यात. त्यांतल्या कोणाची बदली करायची तर बदली माणूस रुजू झाल्यावरच करा. एका माणसाच्या बदलीने अख्ख्या तालुक्याची वेदना उघडी पडते, हे आम्ही सध्या भोगतो आहोत.

तीन. कुठल्या रुग्णालयात मॉर्फिन मिळतं याची तालुकावार यादी, फोन नंबरासह, मराठीत जाहीर करा आणि दर महिन्याला ताजी ठेवा. तिची प्रत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा. आईच्या वेळी मला अशी यादी मिळाली असती तर निम्मा त्रास वाचला असता.

चार. कर्करोगाच्या कुठल्याही रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, "घरी न्या" म्हणताना रुग्णाच्या हातात वेदनेची लेखी योजना दिली पाहिजे. कोणतं औषध, किती वाजता, कळ उठली तर किती जादा, पोटासाठी काय, आणि जवळचं केंद्र कोणतं. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत द्या.

पाच. आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना या कामाचं प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. फुकटात आणखी एक काम त्यांच्या गळ्यात घालू नका.

सहा. औषध निरीक्षक, पोलीस आणि रुग्णालयांचे अधीक्षक यांना एकत्र बसवून 2015 चे नियम समजावून सांगा. प्रामाणिकपणे नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरला आणि फार्मासिस्टला त्रास होणार नाही, असं लेखी परिपत्रक काढा.

सात. जिथे सरकारी केंद्र लगेच उभं राहू शकत नाही तिथे तालुक्यातल्या एका तरी औषधविक्रेत्याला मॉर्फिन ठेवण्याचा परवाना द्या आणि अर्जावर तीस दिवसांत निर्णय कळवा.

सातव्या मागणीसाठी मी स्वतः तयार आहे. कुलुपाचं लोखंडी कपाट मी घेतलेलं आहे, नोंदवही कशी ठेवायची ते शिकून घेतलं आहे, नियमांत असेल त्या तपासणीला दुकान कोणत्याही दिवशी खुलं आहे. माझा अर्ज या आठवड्यात रीतसर दाखल करतो आहे. या गोळ्यांवर मला एक पैसाही नफा नको, हे त्यात लिहून देतो.

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक पाठवण्यापेक्षा यादीच्या रूपाने जाहीर करावं. बंद पडलेल्या कक्षात डॉक्टर कधी येणार आणि गोळ्या कधी पोचणार, त्याची तारीख त्यात असावी. आमच्या तालुक्यात आज या घडीला ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे ती माणसं त्या तारखेसाठी थांबली आहेत.

आपला नम्र,
मराठवाड्यातील एक औषधविक्रेता